समेवर येणारा बुडबुडा

बुडबुडा गातो. ही कविकल्पना नव्हे, साधं पदार्थविज्ञान आहे. समुद्रतळाच्या चिरेतून वायूचा एक गोळा सुटतो, सुटताना आकसतो, फुगतो, पुन्हा आकसतो, आणि त्या थरथरीतून एक बारीकसा सूर निघून विरून जातो. बुडबुडा मोठा तर खर्ज, लहान तर वरची पट्टी. पखवाजाचं तोंड रुंद तितका घुमारा आणि घुंगरू लहान तितकी किणकिण, तसंच. वर होडीत बसलेल्या माणसाला यातलं काही ऐकू येत नाही. पाण्यात कान बसवला तर मात्र सगळी सभा ऐकू येते.

असा कान मुक्ता मिठबावकरने आणि तिच्या चमूने घडवला होता. नाव ठेवलं होतं कर्णिका. आपल्याकडे अर्ध्या होड्या बॅटरीवर गेल्या आणि तरीही देशाला गॅस पुरेना, त्या दिवसांतली ही गोष्ट. खारवंडच्या समुद्रात नारळाएवढ्या कर्णिका तळाशी सोडलेल्या होत्या. एकाच बुडबुड्याचा सूर प्रत्येकीला किंचित मागेपुढे ऐकू येई, आणि त्या फरकावरून तो कुठे सुटला हे संगणक सांगे.

बुडबुड्यांचं एवढं कौतुक कशाला? जमिनीखाली कित्येक किलोमीटरवर पुरातन चिखलात गाडले गेलेले सूक्ष्म जीव पृथ्वीच्या उबेने शिजतात आणि त्यांचं तेल नि वायू होतो. वर दगडाचं झाकण असतं. पण झाकण कितीही घट्ट बसवा, शिजत्या पातेल्यातून कुठूनतरी फुसफुस होतेच. समुद्रतळावर जिथे फुसफुस, तिथे खाली पातेलं असण्याची आशा. अर्थात साध्या कुजक्या चिखलातूनही वायू सुटतो. म्हणून मग पाणी तपासायचं. खोलवरून आलेल्या वायूच्या संगतीला जड भाऊबंद, म्हणजे तेलाचे अंश, असतात, चिखलातला वायू एकटाच येतो.

कर्णिकेला एकच पथ्य होतं, शांतता. ट्रॉलरचं इंजिन धडधडू लागलं की तिचे कान बधिर. आणि खारवंडच्या समुद्रात इंजिन बंद कधी असतं? पावसाळ्यात होड्या ओढलेल्या असतात, पण तेव्हा समुद्रच गर्जतो; एरवी वर्षातून एकदाच. सप्ताहात.

नारायणाच्या देवळात सात दिवस अखंड भजन चालतं. वीणा एकदा गळ्यात चढली की सात दिवस ती जमिनीला टेकत नाही. या घरच्या गळ्यातून त्या घरच्या गळ्यात, हातोहात फिरते. तेवढे दिवस एकही होडी पाणी कापत नाही. मुक्ता याच गावची. तिचे वडील वासुबुवा, घरातले आबा, उभा जन्म मासेमारी करून संध्याकाळी कीर्तनाला उभे राहिलेले. मोजणी सप्ताहात करायची ही कल्पना तिचीच, आणि कंपनीतल्या तिच्या वरिष्ठ राजाध्यक्ष मॅडम त्यावर बेहद्द खूश झाल्या होत्या.

फक्त एक झालं. मिठबावकरांच्या घरची वीणेची पाळी आली तेव्हा मुक्ता कंपनीच्या बोटीवर संगणकासमोर बसली होती. पाळी तिच्या थोरल्या भावाने, सोपानने घेतली. वीणा पुढच्या घरी देताना त्याने एकदा समुद्राकडे बघितलं, असं आबांनी तिला नंतर सांगितलं.

सप्ताह संपला आणि निकाल आला. दोन ठिकाणं सापडली होती. एक लांब, वरल्या कडेवर. ही वरली कड म्हणजे खारवंडची अन्नपूर्णा. सुरमई, पापलेट, सगळं तिथलं. तिथला सूर क्षीण होता. दुसरं ठिकाण मात्र दणदणीत. तेही कुठे? धक्क्यासमोर, देवळाच्या खडकाच्या अगदी पायाशी! पाण्याच्या नमुन्यात जड भाऊबंदही सापडले.

राजाध्यक्ष मॅडम स्वतः गावात आल्या. देवळाच्या मंडपात बसून त्यांनी सांगितलं की कंपनी खडकाच्या पायाशी विहीर खणणार. किनाऱ्याजवळ असल्यामुळे वरल्या कडेच्या वाटेला कोणी जाणार नाही. शिवाय गावाला नवा धक्का आणि बर्फाचा कारखाना.

"म्हणजे मॅडम," शेजारची भागूकाकी पदर सावरत म्हणाली, "देवान पायाखाली तेल ठेवल्यान, आनी आमी समईक बाजारातसून हाडी होतो?"

मंडप हसला. मॅडमही हसल्या. सोपान तर इतका खुलला की सगळ्यांसमोर बहिणीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चेडवान नाव काढल्यान." वीणेच्या पाळीचा राग त्या थापेत विरघळून गेला. कंपनी खूश, गाव खूश, देव तर खूश असणारच. मुक्ताला वाटलं, आपण जन्माला आल्याचं चीज झालं.

उरली होती फक्त अहवालावरची तिची सही.

शेवटच्या तपासणीसाठी ती घरीच राहिली. दुपारी माजघरात पंखा लावून बसली आणि सहज म्हणून तिने ते ध्वनिमुद्रण कानाला लावलं. आता बघा, इतके दिवस तिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. आलेख, आकडे, रंगीत ठिपके. यंत्र सुरांची गणती करून पुढ्यात ठेवायचं. ऐकत बसायला वेळ कोणाला होता?

आधी वरल्या कडेचा सूर ऐकला. टुप, टुपटुप, मध्येच लांबलचक शांतता, मग एकदम पाचपन्नास. लहर लागेल तसं. मग खडकाचा लावला. किण, किण, किणकिण. एकेक सूर अगदी बुडबुड्यासारखा, वाजला की विरत जाणारा. ऐकता ऐकता तिच्या पायाचा अंगठा हलू लागला.

तिने अंगठ्याकडे बघितलं. अंगठा ताल धरत होता.

तिने मुद्रण मागे घेऊन पुन्हा लावलं. आवर्तन फिरत होतं, फिरून समेवर येत होतं आणि समेवर एक टोला किंचित उशिरा पडत होता. केसभरच. जाळी ओढून ओढून ज्याचा उजवा खांदा आखडलाय, अशा माणसाच्या हातून पडावा तसा. लहानपणापासून कीर्तनात त्यांच्या मागे उभं राहून पेटी धरली होती तिने. हा उशीर तिला झोपेतही ओळखू आला असता.

ती आबांची झांज होती.

बुडबुडा समेवर येत नाही. समुद्राला सम नाही.

तिने भरती-ओहोटीचं कोष्टक उघडलं. ओहोटीला पाणी उतरतं, तळावरचा भार हलका होतो, म्हणून खरी फुसफुस ओहोटीला वाढते. वरली कड इमानाने ओहोटीला वाढत होती. खडकाचा सूर वाढत होता आरतीला.

पण देवळातली झांज पाण्याखाली गेली कशी? ती तशीच उठून धक्क्यावर गेली.

सोपान जाळ्याची फाटकी बाजू मांडीवर घेऊन गाठी मारत बसला होता. त्याच्या मागे धक्क्याच्या लोखंडी खांबाला भलामोठा स्पीकर बोल्टांनी घट्ट आवळलेला होता.

"दादा, हा कधी लावलास?"

"ह्या सप्ताकच. होडयेर राखणेक रवतत त्या खलाशांक भजन आयकूक येऊचा नाय, म्हणान. वाऱ्यान हलता नये म्हणान चांगलो पिळून बशयलंय." त्याने अभिमानाने खांबावर थाप मारली. खांब घुमला. त्याचं दुसरं टोक पाण्याखाली खडकात रोवलेलं होतं.

मुक्ता जाळ्याच्या ढिगावर बसली आणि तिने त्याला सगळं सांगितलं. स्पीकर खांबाला, खांब खडकाला, खडक पाण्याला; बाकीचं भजन यंत्राने गाळलं आणि झांजेचा टोला तेवढा बुडबुडा म्हणून मोजला. नमुन्यातलं तेल म्हणजे धक्क्याला लागलेल्या होड्यांचं गळकं डिझेल. खडकाखाली काही नाही. एक थेंब नाही.

सोपानची सुई थांबली. मग तो हसत सुटला. "म्हणजे कंपनी माज्या स्पीकराच्या खाली होल पाडतली? अगो, पाडूंदे मगे!"

"दादा!"

"दादा काय? खणतील, काय गावाचा नाय, जातील. धक्को ऱ्हवात, बर्फाचो कारखानो ऱ्हवात. कोणाचा काय बिघाडता?"

"आणि मी हे सांगितलं तर?"

आता त्याच्या लक्षात आलं. हसू मावळलं. दोन ठिकाणांपैकी एक खोटं ठरलं, की दुसरं उरतं.

"वरली कड," तो म्हणाला.

"तिथला सूर खरा आहे. तिथे विहीर झाली की भोवताली होड्यांना बंदी."

"मग गप रव," सोपान हळू आवाजात म्हणाला. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "तुका कोण इचारणार नाय. तुजा यंत्र चुकला, तू नाय चुकलंस. मुक्ते, माजी दोन पोरां असत. भागूकाकीचो झील असा. सगळ्यांची चूल त्या कडेर पेटता. तू शिकलंस तीसुद्धा थंयच्याच म्हावऱ्यार."

तो खोटं काहीच बोलत नव्हता. मुक्ता उठून घराकडे निघाली.

आबा ओटीवर झांजांच्या दोऱ्या बदलत बसले होते. झांजेवर मायेने फडकं फिरवण्याची त्यांची सवय होती, देवाची भांडी पुसावीत तशी. मुक्ता पायरीवर बसली.

"काय गो, कंपनीचा तेल आटला काय?" आबांनीच विचारलं.

"आबा, एखादं आख्यान आहे का, की भक्त खोटं बोलला, पण गावासाठी बोलला, आणि देवाने त्याला पदरात घेतलं?"

"सोधूक गेलंस तर गावतला. आख्यानात सगळा गावता. आपल्याक होया तसा आख्यान काढूचा, हीच तर आमची बुवांची लबाडी." ते मिश्कील हसले, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. "काय झाला?"

तिने कानाला लावायचं यंत्र त्यांच्या कानांवर चढवलं. आबांनी डोळे मिटले. हळूहळू मान डोलू लागली आणि बोटं गुडघ्यावर चालू लागली. सम आली, टोला उशिरा पडला, आणि म्हाताऱ्याने डोळे उघडले.

"ही माजी झांज."

"पाण्याखालून ऐकलेली."

"समुद्रान आयकली?" आबांचे डोळे भरून आले. "अरे नारायणा! इतकी वर्सां माका वाटत होता, आयकणारे चार म्हातारे आनी एक मांजर. आनी समुद्र आयकी होतो!"

त्यांचा तो आनंद बघून पुढचं सांगणं तिच्या जिवावर आलं. पण सांगितलं. आबांनी यंत्र काढून मांडीवर ठेवलं. अंगणात भागूकाकीची कोंबडी माती उकरत होती, तिच्याकडे ते बघत राहिले.

"सोपान काय म्हणता?"

"गप राहा म्हणतो. त्याचं चूक नाही, आबा."

"नाय. तेचा चूक नाय. तेका पोरां असत." आबांनी झांज उचलली, तळहातावर तोलली. "मी तुका सही कर म्हणाचंय नाय, नको पण म्हणाचंय नाय. तुजी विद्या, तुजी सही. पण झांज माजी असा गो. ही आयुष्यभर एक नाव घेत इली. दुसरा काय बोलूक हिका शिकवक नाय मी. आता हिच्या तोंडात तुमी तेल घालतलास, आनी ती लोकांक सांगतली, हय असा, हय असा." त्यांचा आवाज बारीक झाला. "ह्या वयात माज्या झांजेक खोटी साक्ष देवक लावू नको, बाय. एवढाच."

मुक्ताने फोन उचलला तो तिथेच पायरीवर. एकदा घरात गेलो की आपला धीर सुटेल हे तिला ठाऊक होतं.

राजाध्यक्ष मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"झांज," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"संचालकांना मी काय सांगू? की आपण दहा बैठका घेऊन एका कीर्तनाचं उत्खनन ठरवलं?" आणि त्या हसल्या, पण त्या हसण्यात थकवा होता. "मुक्ता, तू गप्प बसली असतीस तर मला कळलंही नसतं, हे तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग दुसरा सूर?"

आबा कोंबडीकडे बघत होते. मुक्ताने डोळे मिटले. "तो खरा आहे. तो कधीच समेवर येत नाही."

बातमी धक्क्यावर पोचायला किती वेळ लागतो! संध्याकाळच्या आत भागूकाकीने अंगणातून हाक मारली, "इली गो इली, कंपनीची बाय! आमच्या ताटातला म्हावरा उचलून नेलंस, आता ताट पण ने!" दुसऱ्या दिवशी सोपानने जेवताना पाट तिच्याकडे पाठ करून मांडला. वाद नाही, शिवी नाही. पाठ. मुक्ता रत्नागिरीला, कंपनीच्या प्रयोगशाळेत, परत गेली.

पण त्या पाठीनेच तिला झोपू दिलं नाही. 'सगळ्यांची चूल त्या कडेर पेटता,' सोपान म्हणाला होता. का? शेजारच्या गावांना तशा कडा होत्याच की. मासळी इथेच का जमते?

मग तिने वरल्या कडेचा तळ कॅमेऱ्याने पाहिला. चिरांच्या कडेने पांढुरकी साय धरलेली होती. ती साय म्हणजे जंतू. झाडं उन्हावर जगतात, हे अंधारात त्या वायूवर जगतात. जंतूंना किडे खातात, किड्यांना कोळंबी, कोळंबीला मासे. पृथ्वीच्या पोटातल्या पातेल्याची वाफ तळावर अन्न होऊन उतरत होती आणि पिढ्यानपिढ्या खारवंडच्या ताटात पडत होती. गाव तेलावरच जगत आलं होतं, फक्त विहीर न खणता. विहीर खणली की खालचा दाब उतरणार. दाब उतरला की फुसफुस थांबणार. मग होड्यांना बंदी असो वा नसो, मासळी तिथे येणार कशाला?

पण हे नुसतं बोलून चालत नाही, दाखवावं लागतं. खोल वायूतला कार्बन वजनाने थोडा निराळा असतो, आणि जो तो खातो त्याच्या मांसात ती खूण उतरते. कडेवरच्या माशांत ती निघाली, तरच पुरावा. मुक्ताने धक्क्यावर निरोप धाडले, बाजारभावाने मासळी घेते म्हणून. कोणी एक बांगडासुद्धा विकला नाही.

एका सकाळी प्रयोगशाळेच्या दारात बर्फाची पेटी आदळली. मागे सोपान उभा होता, खारवंडहून टेम्पोने आलेला, अंगाला माशांचा वास.

"सुरमय, पापलेट, तळचे किडे पण हाडलंय. कडेच्या मदल्या भागातले येगळे, भायले येगळे. आबांनी सांगितल्यानी तुका असा होया म्हणान." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "मी काय तुका माफ करूक नाय."

"बरं."

"पण ह्यात खरा काय ता निघाला, तर तसाच लिवतलंस मा? आमच्या बाजून निघाला तरी, इरुद्ध निघाला तरी?"

"तसंच लिहीन, दादा."

"माका म्हायत असा," सोपान म्हणाला. "म्हणान तर हाडलंय." आणि चहा न घेता गेला.

खूण निघाली. कडेच्या मधल्या माशांत ठसठशीत, कडेबाहेर जावं तशी पुसट. मुक्ताने दोन्ही गोष्टी एकाच अहवालात लिहिल्या: वरल्या कडेखाली पातेलं असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्या पातेल्याच्या वाफेवर एक गाव जेवतं आहे. राजाध्यक्ष मॅडमनी त्यातली एक ओळही न गाळता तो वर धाडला. संचालकांनी खणणं तूर्त थांबवून आणखी अभ्यास मागवला. तूर्त म्हणजे किती, ते कोणी सांगितलं नाही. खडकाच्या पायाशी मात्र कोणी खणायला आलं नाही, आणि नवा धक्का नि बर्फाचा कारखाना तेवढ्यावरच राहिला.

पुन्हा सप्ताह आला. या वेळी स्पीकर लाकडी मेढीवर होता, खांबापासून लांब, आणि खाली गाद्यांची वळकटी. होड्या ओळीने वाळूत ओढलेल्या होत्या. तळाशी कर्णिका जाग्याच होत्या, पण बोटीवर या खेपेस दुसरं कोणी बसलं होतं.

मिठबावकरांची पाळी दुपारची. मुक्ता मंडपाच्या कडेला बायकांत उभी राहिली. भागूकाकी तिच्याकडे न बघता सरकली, आणि सरकल्यामुळे जागा झाली. भागूकाकीच्याच घरच्यांकडून सोपानने वीणा आपल्या गळ्यात घेतली, पाया पडला आणि फेऱ्या घालू लागला. मृदंग चालला होता. कोपऱ्यात आबा झांज घेऊन बसले होते.

एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला सोपान तिच्यासमोर थांबला. भजन चालूच होतं, ते थांबत नाही. त्याने वीणा एका हाताने तोलून धरली, दुसऱ्या हाताने पट्टा मानेवरून काढला.

"मागची पाळी तुजी ऱ्हवलेली," तो म्हणाला. "धर. पडात."

मुक्ताने मान खाली घातली. पट्ट्याला भावाच्या घामाची ऊब होती. तिने तार छेडली आणि पाऊल उचललं.

खाली खडकाला पाणी लागत होतं. ओहोटी सुरू झाली होती. लांब वरल्या कडेवर बुडबुडे आपल्या लहरीने सुटू लागले असतील, कोणाच्याही तालात नसलेले. मंडपात आवर्तन फिरून समेवर आलं, सगळ्यांचा टोला एकदम पडला, आणि त्यामागून केसभर उशिरा आबांचा.

मुक्ताचं पाऊल त्या उशिराच्या टोल्यावर पडलं.